जस्ताच्या पोटात

मिस्त्रींच्या घरात बारकी झोपायची ती पत्रा वाकवायच्या मशीनच्या आवाजावर. कारखाना खाली, घर वर. खाली मशीन घरघरायला लागलं की वरच्या खोलीची जमीन बारीक थरथरायची आणि दुपट्यात गुंडाळलेली बारकी डोळे मिटून घ्यायची. मशीन थांबलं की टक्क जागी. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, जगातली शहाणी बाळं जेव्हा झोपतात, तेव्हा ही पाय झाडत छताकडे बघत असायची, आणि हिच्याबरोबर हिची आई.

ही आई म्हणजे मिस्त्रींची सून. जस्ताच्या घरातून जस्ताच्याच घरात आलेली. जस्त म्हटलं की लोकांना गंजू नये म्हणून लोखंडावर चढवलेला मुलामा आठवतो. हे तसलं नव्हे. हे अख्खं जस्त, छपरांवर आणि दर्शनी भिंतींवर बसवायचं. नवं असताना तोंड बघून घ्यावं इतकं चकचकीत, आणि मग वर्षभर ऊन-पाऊस खाऊन कबुतराच्या पाठीसारखं राखाडी-निळं. तिच्या वडिलांनी तिला लहानपणापासून छपरावर नेलं होतं. थंडीत जस्त वाकवू नये, तडकतं. शिसपेन्सिलीनं खूण करू नये, ती रेघ पुढे पत्र्याला खाते. केलेल्या कामावर पाय देऊ नये. हे तिला बाराखडीच्या आधी आलं होतं.

लग्नानंतर सासऱ्यांनी तिचा हात पाहिला आणि सासूबाई स्वयंपाकघरातून हाका मारत असताना तिला परांचीवर नेलं. वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. इमारतीच्या कोपऱ्यावर एक छोटा गोल मनोरा होता, नुसता शोभेचा, आतून पोकळ, आणि त्याला माशासारखे जस्ताचे खवले बसवायचे होते. खालच्या ओळी तिनं बसवल्या. पोट परांचीच्या कठड्याला टेकायला लागलं तेव्हा सासूबाईंनी एक दिवस खाली उभं राहून वर पाहिलं, आणि संध्याकाळी जेवताना म्हणाल्या, की आता पुरे. कोणी वाद घातला नाही. तिनंही नाही.

त्याला आता बरेच महिने झाले होते. वरच्या खोलीच्या खिडकीतून वाचनालयाचा मनोरा दिसायचा. बारकीला खांद्यावर टाकून थोपटताना ती त्याच्याकडे बघत राहायची. तिच्या हातचे खवले आता राखाडी झाले होते. मधे माणूस जेमतेम आत शिरेल एवढं एक काळं भोक राहिलं होतं, झाकायचं. खोलीत दूध, ओली दुपटी आणि पावडर यांचा वास कोंडलेला असायचा. दिवसभरात तिला कोणी वाईट बोलायचं नाही, हीच पंचाईत होती. सासूबाई तिच्या ताटात आधी वाढायच्या, नवरा रात्री बारकीला फिरवायचा. भांडायला कारण नाही आणि दाराला कडी नाही, तरी तिला वाटायचं, आपण बाहेर पडायला निघालो तर दार नेमकं कुठं आहे तेच सापडायचं नाही.

आणि एका सकाळी मिस्त्री चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, की मनोऱ्याच्या आत शिरून पट्ट्या दुमडणारं कोणीतरी पाहिजे.

गोष्ट अशी होती, की खवले बाहेरून बसतात, पण मनोऱ्याच्या वरच्या निमुळत्या भागात ज्या पट्ट्यांवर ते अडकतात, त्यांची टोकं फळ्यांच्या फटींतून आत घेऊन दुमडावी लागतात. कामाला असलेला सडपातळ माणूस सोडून गेला होता. नवरा म्हणाला, मी जातो. मिस्त्रींनी त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"तू त्या भोकातून आत गेलास तर तुला काढायला मनोरा पाडावा लागेल," ते म्हणाले.

सासूबाईसुद्धा हसल्या. मग सगळ्यांच्या माना हळूहळू सुनेकडे वळल्या. सासूबाईंचं हसू मावळलं. त्यांनी अटी घातल्या: एकच दिवस. आणि दुपारी त्या स्वतः बारकीला इमारतीखाली घेऊन येणार, तेव्हा हिनं सगळं टाकून खाली यायचं, पाजायचं. सून हो म्हणाली, पण वाटीत बघत म्हणाली.

"समोर बघून बोलत जा," मिस्त्री म्हणाले.

हे त्यांचं अलीकडचं टुमणं झालं होतं. कोणी पाठमोरं बोललं, भांडी घासता घासता बोललं, की ते खेकसायचे: समोर ये आणि मग बोल. सुनेला वाटायचं, वय झालं की माणसाला मान लागतो. ती समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "येते, बाबा."

नवऱ्याचा जुना शर्ट, त्याखाली विजार, केस रुमालात बांधलेले, अशी ती परांची चढली. तळपायांना सगळं आठवत होतं. वर वारा होता. तिनं जाता जाता आपल्या जुन्या खवल्यांवरून हात फिरवला. भोकाच्या कडेला फोन आणि डबा असलेली पिशवी परांचीच्या खांबाला अडकवली, मोगरी, म्हणजे पत्रा ठोकायचा लाकडी हातोडा, कमरेला खोचली आणि आत शिरली.

आत मनोरा म्हणजे उभं ठेवलेलं पिंप. चारी बाजूंनी फळ्या, फळ्यांमागे वाऱ्याला जागा, आणि मग जस्त. पायाशी आणि टोपीखाली बारीक भोकांची एकेक पट्टी बसवलेली, वारा खालून शिरून वरून निघावा म्हणून. मिस्त्री नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: जस्ताला पाऊस काही करत नाही, ऊन काही करत नाही, पण त्याच्या पोटातला वारा कोंडला की आतून पांढरी बुकटी धरते आणि पत्र्याची चाळणी होते. बाहेरून बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

उंचावर एक आडवी फळी टाकलेली होती. तिच्यावर बसून ती एकेक पट्टी ओढायची, दुमडायची, मोगरीनं बसवायची. बाहेरून सासरे खवला लावायचे, आतून ती. दोघांमध्ये बोटभर लाकूड आणि कागदासारखं जस्त. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातांना असं काम मिळालं होतं, जे झालं की झालेलं राहतं. धुतलेलं दुपटं परत ओलं होतं, पट्टी दुमडली की दुमडली. ती मनातल्या मनात गुणगुणायला लागली होती.

दुपार होत आली तसं मात्र छातीत दाटून आलं. शर्ट ओला झाला. बारकी यायला अवकाश होता. परांचीवर आडोसा नाही, खाली रस्ता. खरं तर सगळ्या इमारतीत तिच्यापुरता आडोसा म्हणजे हाच. शर्टाच्या खिशात सासूबाईंनी सकाळी कोंबलेली छोटी बाटली होती. वरच्या फळीवर, पाठ भोकाकडे करून, ती दूध काढायला बसली. काम संपलंच होतं, सासरे मनोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला होते. नवरा पन्हळीचा तुकडा आणायला टेम्पो घेऊन गेल्याचं तिनं मघाशी ऐकलं होतं.

तेवढ्यात बाहेरून ठोके पडले. टक, टक, टक.

या ठोक्यांबद्दल सांगायला हवं. मिस्त्रींच्या घराण्याची ती रीत होती. कुठलीही पोकळी बंद करण्याआधी, कळस असो, मनोरा असो की पन्हळीचा बोगदा, पत्र्यावर दांड्यानं तीन ठोके द्यायचे. आत कोणी असेल तर त्यानं उलट तीन द्यायचे. उत्तर नाही आलं तर आत कोणी नाही, लावा झाकण. रीत इतकी अंगात मुरली होती की घरातल्या न्हाणीघरावरही सगळे तीनच ठोके द्यायचे. मागच्याच महिन्यात सासूबाई आत असताना मिस्त्रींनी ठोके दिले, सासूबाईंनी आतून बादली बडवली, तरी यांनी दार ढकललंच. सासूबाईंनी त्यांची जी खरडपट्टी काढली तिच्यावर घर दोन दिवस हसत होतं. सून सगळ्यात जास्त हसली होती.

आता तिचा एक हात छातीशी, दुसऱ्यात बाटली. तिनं कोपरानं फळीवर ठोकलं. एक, दोन, तीन. आणि लाजून, हळूच म्हणाली, "आलेच हं बाबा, एवढंच राहिलंय."

खाली भोकातून सासऱ्यांचं डोकं आत आलं. मान वळवली तर तिला त्यांची टोपी दिसली. त्यांनी तळाशी पाहिलं, तळ रिकामा होता. डोकं बाहेर गेलं. तिला वाटलं, समजले, थांबतील.

आणि उजेड गेला.

आधी तिला वाटलं ढग आला. मग ड्रिल सुरू झालं. ती ओरडली. ड्रिलच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. घाईत बाटली हातातून सुटली आणि दूध फळीवरून खाली ठिबकत गेलं. ती अंधारात चाचपडत उतरली, झाकणाशी आली तोवर चारी स्क्रू बसले होते आणि सासरे वरून खवले ठोकत होते. तिनं मोगरी काढली आणि आतून ठोकायला लागली. ते बाहेरून ठोकत होते, ही आतून. त्यांच्या ठोक्याला हिचा ठोका, जणू दोघं मिळून एकच काम करताहेत. हादरणारा पत्रा त्यांना आपल्याच हातोडीनं हादरतोय असं वाटत असणार. मग त्यांचा हात थांबला. तिनं जीव खाऊन तीन ठोके दिले. बाहेर परांचीच्या फळ्या करकरल्या, पावलं दूर गेली, शिडी वाजली. मिस्त्री जेवायला खाली उतरले होते.

नंतर जे शांत झालं, तसं तिनं कधीच ऐकलं नव्हतं. रस्त्याचा आवाज होता, पण गोणपाटात बांधल्यासारखा. माथ्यावर ऊन चढलं होतं आणि तापलेलं जस्त पसरताना कट्, कट् करत होतं. छपरावर उघड्यावर हाच आवाज तिला आवडायचा, कोणीतरी बोटं मोडतंय असा. आतून तो हाडांतून आल्यासारखा वाटत होता. ती परत ओरडली. मग गप्प झाली, कारण ओरडून झाल्यावर छाती आणखी भरून येत होती. घामाला जस्ताचा कडवट वास लागला होता. फोन बाहेर, खांबाला लटकलेला, एकदा वाजून थांबला.

ती पोटावर आडवी झाली आणि पायाशी असलेल्या भोकांच्या पट्टीला डोळा लावला.

रस्ता सरळ खाली दिसत होता. माणसं म्हणजे नुसती डोकी. आणि त्या डोक्यांतून एक करडा अंबाडा येत होता, त्याच्या पुढ्यात पिवळं टोपरं. सासूबाई बारकीला घेऊन आल्या होत्या. वाचनालयाच्या पायऱ्यांशी थांबल्या, वर बघितलं. थेट तिच्याकडे बघितल्यासारखं वाटलं. तिनं पट्टीच्या भोकातून करंगळी घालायचा प्रयत्न केला. करंगळीचं नखसुद्धा जाईना.

मिस्त्री डबा घेऊन पायरीवर बसले होते, पाठ सासूबाईंकडे. सासूबाई मागून त्यांच्याजवळ गेल्या. आणि सुनेनं वरून पाहिलं ते असं: सासूबाई बोलल्या नाहीत. आधी त्यांची बाही ओढली. ते वळले. त्यांचं तोंड आपल्याकडे पुरतं वळेपर्यंत त्या थांबल्या, मग ओठ मोठे करून, मानेनं बारकीकडे आणि बोटानं वर दाखवत काहीतरी विचारलं. मिस्त्रींनी हात उडवला. उतरली असेल, गेली असेल कुठे. त्यांनी परत विचारलं, परत तसंच, बाही ओढून, ओठ मोठे करून. हे आज पहिल्यांदा चाललं नव्हतं. बरेच दिवस सवयीचं झालेलं ते बोलणं होतं.

तिच्या डोळ्यांपुढे न्हाणीघराचं दार आलं, बडवलेली बादली आली. समोर ये आणि मग बोल. त्यांना मान नको होता, त्यांना ओठ हवे होते. आयुष्यभर पत्र्यावर हातोडी मारलेले कान. आणि सासूबाईंना माहीत होतं. घरात त्या उगाच आधी त्यांची बाही ओढून मग बोलत नव्हत्या.

म्हणजे आता मोगरीनं कितीही ठोकलं तरी उपयोग नव्हता. मिस्त्री परत वर येतील, मोगरी वाजत असतानाच खवल्यांवर नजर फिरवतील आणि निघून जातील. नवरा कधी येईल ठाऊक नाही. सासूबाई थोडा वेळ वाट बघतील आणि रागानं घरी जातील.

आत पट्टी दुमडायचं लोखंड होतं, पाय होते, आणि झाकणाचे स्क्रू कुठे बसतात ते तिला पाठ होतं. सातव्या महिन्यात ती भोकं तिनंच पाडली होती. पण झाकणावर आता खवले होते. सासऱ्यांनी लावलेली शेवटची ओळ. संध्याकाळी काम ताब्यात द्यायचं होतं. जस्तावर बोटाएवढा पोचा पडला तरी तिरप्या उन्हात तो जन्मभर दिसतो. केलेल्या कामावर पाय देऊ नये, वडील सांगायचे. तिनं पाय उचलला आणि परत ठेवला. स्वतःचंच तिला हसू आलं आणि रडूही. कोंडली गेली तरी ही बाई पत्र्याला जपते आहे.

तिनं परत भोकांना डोळा लावला. पिवळ्या टोपऱ्याखाली बारकीचं तोंड उघडलं होतं, पुरतं, लाल. आवाज वर येत नव्हता. सासूबाई तिला हलवत होत्या, खांद्यावरून खांद्यावर घेत होत्या. आवाज नसलेलं ते रडणं बघून शर्टाचे दोन्ही बाजूंचे डाग पसरत पसरत एक झाले.

ती पाठीवर पडली, खांदे समोरच्या फळीला टेकवले आणि दोन्ही टाचा झाकणावर मारल्या. मग पुन्हा. वरचा एक स्क्रू लाकडातून उपसला. पुन्हा. खवला कण्हल्यासारखा वाकला. पुन्हा. उजेडाची एक फट पडली, मग झाकण एका बाजूनं सुटलं आणि तीन-चार खवले परांचीवर खळखळत गेले, एक संरक्षक जाळीत जाऊन अडकला. त्या भोकातून आधी तिचे पाय बाहेर आले, मग कंबर, मग बाकीची ती. पायाळू बाळासारखी.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. मिस्त्रींची मात्र सासूबाईंनी बाही ओढल्यावर झाली.

ती पायरीवर बसली आणि बारकीला पदर नसलेल्या शर्टाखाली घेतलं. बारकी हुंदके देत, चिडून, आईला शिक्षा केल्यासारखी पीत होती. टेम्पो आला, नवरा धावत आला, वर बघून खाली बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. तो गुडघ्यावर बसून तिच्या खरचटलेल्या टाचा चोळायला लागला. काय झालं ते विचारलं सासूबाईंनी, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. हळू, मायेनं, तिच्या केसांतला भुसा काढत त्या म्हणाल्या, की डोळा लागला असेल पोरीचा. रात्र रात्र जागते. कोणाचाही लागेल.

नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. हो, परवा भाजी चिरता चिरता झोपली होती. मग तो वडिलांकडे वळला आणि म्हणाला, ठोके दिले होते ना तुम्ही? मिस्त्रींनी मान हलवली. दिले होते. आत डोकावलोही होतो.

मग झालंच तर. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवायची होती. इतकं मऊ, उबदार अंथरूण घातलं होतं तिच्यासाठी, फक्त आडवं व्हायचं. कोणी रागावणार नव्हतं. उलट चार दिवस आराम कर म्हणाले असते. आणि परत कधी परांचीचं नाव निघालं नसतं; लेकुरवाळी बाई, झोपते बिचारी. वरची खोली, खिडकी, दुपटी. किंवा ती तोंड उघडणार, आणि मग घरात बसणार ते दुसरंच माणूस, ज्यानं तिच्या हातात पहिल्यांदा हातोडी दिली ते. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. केसांतून फिरणारा त्यांचा हात थांबला होता. त्या डोळ्यांनी विनवत होत्या. अळीमिळी गुपचिळी.

मिस्त्री मात्र तिच्या ओठांकडे बघत होते.

ती गप्प राहिली असती तर बरं, असं तिला क्षणभर वाटलं. पण मग पुढच्या कळसात कोण असेल, असाही विचार आला. तिनं बारकीचं डोकं जरा सावरलं, तोंड पूर्ण त्यांच्याकडे केलं आणि सावकाश म्हणाली, "बाबा, मी जागी होते. मी वाजवलं होतं."

"हळू वाजवलं असशील," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"कोपरानं वाजवलं," ती म्हणाली. "नंतर मोगरीनंही वाजवलं. तुम्ही खवले लावत होतात तेव्हा."

नवरा एकदा हिच्याकडे, एकदा वडिलांकडे बघत राहिला. मोगरीनं, त्या पोकळीत, हाताच्या अंतरावरून. रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू गेलं असतं.

मिस्त्रींनी डबा बंद केला. झाकण नीट बसलं का बघितलं. मग आपल्या मोठ्या, खरबरीत हाताकडे बघत म्हणाले, "मला ऐकू नाही आलं. बरेच दिवस नाही येत." आणि बायकोकडे न बघता पुढे म्हणाले, "हिचा काही दोष नाही. हिला मीच गप्प बसवलं होतं."

काम त्या दिवशी ताब्यात गेलं नाही. सासूबाई दोन वेळा स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिल्या. रागानं की कसं, ते कळत नव्हतं. सुनेला वाटत होतं, आपण बाहेर पडलो ते झाकण फोडून, पण दुसऱ्या कोणावर तरी बसवून आलो. जेवताना मिस्त्री नेहमीच्या जागी बसले आणि बोलणं चालू असताना नुसते ताटाकडे बघत होते. आता समोर ये म्हणायचीही गरज उरली नव्हती, आणि ते म्हणत नव्हते. कारखान्यात मशीन बंद होतं. बारकी जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खालून घरघर ऐकू आली. मिस्त्री नवे खवले कापत होते. सून खाली गेली तर दाराशी बारकीची पिशवी भरून तयार होती, दुपटी, बाटली, पिवळं टोपरं. सासूबाईंनी ती भरली होती.

"मी सांगत होते कानाचं बघा म्हणून," त्या पिशवीचे बंद ओढत म्हणाल्या. "ऐकलं नाही. आता वाटतं, ऐकलंच नसेल." मग म्हणाल्या, "तू काल वाईट केलंस. आणि मला रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली. जा आता, मी बारकीला घेऊन मागून येते."

परांचीवर वारा कालचाच होता. पण भोकाशी पोचल्यावर तिचे पाय जागीच थांबले. काळं, गोल, वाट बघणारं ते भोक. आतून वाळलेल्या दुधाचा आंबूस वास आला. तिला कळलं, आपण आत शिरू शकणार नाही. आज नाही. कदाचित परत कधीच नाही. हे सासऱ्यांना समोर बघून सांगायचं म्हणून ती वळली.

मिस्त्री तिच्याकडेच बघत होते. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, स्वतःची हातोडी तिच्या हातात दिली आणि तिची मोगरी मागून घेतली.

"निसटलेल्या दोन पट्ट्या मी दुमडतो," ते म्हणाले. "लावायचं तू."

ती नको म्हणायच्या आत ते अंग चोरत, धापा टाकत आत शिरलेही. थोडा वेळ आतून मोगरीचे आवाज येत राहिले. मग थांबले. तिनं झाकण उचलून तयार ठेवलं, खवले क्रमानं मांडले, आणि रीतीप्रमाणे दांड्यानं ठोके दिले. टक, टक, टक.

उत्तर आलं नाही.

रीत म्हणत होती, लाव. तिनं झाकण खाली ठेवलं. आत एक म्हातारा माणूस अंधारात बसलेला, काहीच ऐकू न येणारा, आणि बाहेर आपल्या हातात चार स्क्रू. त्या कानांच्या आत रोज असंच असेल, तिच्या मनात आलं. रस्ता, सून, नात, सगळं गोणपाटात बांधलेलं. ती तशीच उभी राहिली. खालून सासूबाईंचा आवाज आला, बारकीचं कुरकुरणं आलं, छाती भरून आली. ती हलली नाही. मग तिनं पुन्हा ठोके दिले, या वेळी हातोडीनं, जोरात, एकेक ठोका मोजून, आणि पत्र्यावर तळहात ठेवला.

तळहाताखाली काहीतरी सरकलं. आतून, बरोबर त्याच जागी, कोणीतरी हात ठेवला असावा. आणि मग आतून ठोके आले. तीन.

तरी तिनं झाकण उचललं नाही. भोकात वाकून तोंड अंधाराच्या समोर धरलं, उजेड ओठांवर पडेल असं, आणि म्हणाली, "बाबा, आधी बाहेर या. तोंड दाखवा. मग लावते."

आत खुसखुस झाली. मिस्त्री हसत होते. आधी मोगरी बाहेर आली, मग त्यांचा हात. तो तिनं धरला.

नवे खवले तिनं दुपारपर्यंत लावले. मधे एकदा खाली उतरून बारकीला पाजलं. टोकाचे कालचे खवले सोडले तर राखाडी मनोऱ्यावर तेवढाच माणसाएवढा तुकडा चकाकत होता, ठिगळासारखा, वरच्या खोलीच्या खिडकीतूनसुद्धा दिसेल असा. नवऱ्यानं खालून बघून विचारलं, की हे किती दिवस असं दिसणार. मिस्त्रींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, तेव्हा तिनं सांगितलं, की बारकी पळायला लागेपर्यंत जाईल मिसळून.